तसबिरीचा घोटाळा



आज एका जुन्या नाटकाची गोष्ट सांगायची आहे. पण नाटकाकडे जायच्या आधी आपल्यातलीच एक गोष्ट ऐका. जिची आहे तिला विचारून सांगते आहे. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

आमच्या भागातल्या एका गटाचं कर्जप्रकरण करायचं होतं. अर्जाला प्रत्येकीचा एक फोटो आणि तिच्या नवऱ्याचा एक फोटो लागत होता. गटाच्या सचिव ताई दोन दिवस उन्हातान्हात घरोघर फिरल्या, फोटो जमवले, पाकिटात घातले, मागे नावं लिहिली. सगळं अगदी व्यवस्थित. फक्त एक फोटो पाकिटाबाहेर राहिला आणि पर्सच्या कप्प्यात गेला. संध्याकाळी नवऱ्यानं दुधाच्या पैशासाठी पर्स उघडली, तर हातात परक्या बाप्याचा फोटो! त्या रात्री त्या घरात काय झालं ते मी इथं सांगत नाही. पुढच्या मासिक बैठकीला ताई आल्या, ठराव वही आणि पेटीची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मला सचिवपद नको."

मी तिथेच होते. मला राग आला, वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, क्षणभर हसूही आलं. कारण ही गोष्ट मी बी. ए. ला असताना वाचलेली होती. त्यात पासपोर्ट फोटोच्या जागी तसबीर होती, आणि नवऱ्याचं नाव होतं फाल्गुनराव. नाटकाचं नाव 'संगीत संशयकल्लोळ'.

हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आलं. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या आजीच्या आईनं बघितलेलं असू शकेल. लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथले ते. हळद करणाऱ्या बायांना हरिपूर ठाऊक असेल, हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांसाठी ते गाव प्रसिद्ध होतं. तिथे १८५५ साली देवलांचा जन्म झाला. त्यांचं 'शारदा' नाटक तुम्ही ऐकलं असेल, पैशाच्या लोभानं कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाची गोष्ट. ते १८९९ सालचं. पुढे १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, त्याला लोक शारदा कायदा म्हणायला लागले. तो या नाटकावरून नव्हे बरं का, हरबिलास सारडा नावाच्या गृहस्थांनी तो मांडला म्हणून सारडा कायदा. पण आपल्याकडे शारदा हेच नाव तोंडात बसलं.

आता संशयकल्लोळची कथा थोडक्यात सांगते.

फाल्गुनराव हा पैसेवाला, वयानं थोराड गृहस्थ. त्याची बायको कृत्तिका तरुण. तो तिच्यावर संशय घेतो आणि तीही त्याच्यावर घेते. दुसरीकडे आश्विनशेठ नावाचा तरुण, आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती रेवती. आश्विनशेठनं आपली तसबीर रेवतीला दिलेली आहे. एकदा रेवतीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरायला धावतो, आणि नेमकं तेच कृत्तिकेला दिसतं. झालं! नवरा परक्या बाईला धरून उभा! त्या गडबडीत रेवतीच्या हातातली तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती निरखून बघत असते तेवढ्यात फाल्गुनराव येतो. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर! पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात आश्विनशेठला दिसते. त्याला वाटतं, मी दिलेली वस्तू रेवतीनं या माणसाला देऊन टाकली. आणि रेवतीला वाटतं, आश्विनशेठचं त्या कृत्तिकेशी काहीतरी आहे.

बघा, चार माणसं. चौघांनीही काहीच केलेलं नाही, आणि चौघांनीही डोळ्यांनी 'पाहिलेलं' आहे. कुणी खोटं बोलत नाही. कुणी कुणाला एक सरळ प्रश्न मात्र विचारत नाही. घरातल्या नोकरमाणसांना खोदून खोदून विचारतील, पण समोरच्या माणसाला नाही. फाल्गुनरावाचा भादव्या नावाचा गडी आहे, त्याची तर या सगळ्यात नुसती पळापळ.

नावं ऐकून तुमच्यातल्या शेतकरणींच्या लक्षात आलंच असेल. आश्विन, फाल्गुन, भादवा हे महिने. कृत्तिका, रोहिणी, मघा, स्वाती, रेवती ही नक्षत्रं. देवलांनी पात्रांची नावंच पंचांगातून उचलली आहेत. मला सगळ्यात जास्त आवडलेली गंमत वेगळीच. सत्तावीस नक्षत्रांत रेवती शेवटची आणि अश्विनी पहिली. म्हणजे रेवती संपली की लगेच अश्विनी. मधे कितीही घोटाळा होऊ दे, ही दोघं शेजारीच येणार. देवलांनी हे मुद्दाम केलं होतं का, देव जाणे. पण पेरणीचा हिशेब नक्षत्रावर धरणाऱ्या बाईला ते चटकन दिसतं.

मूळ गोष्ट देवलांची नाही, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये मोलिएर नावाचा मोठा नाटककार होऊन गेला. आपले शिवाजी महाराज गड-किल्ले घेत होते त्याच काळातला. त्यानं १६६० साली पॅरिसमध्ये असल्या तसबिरीच्या घोटाळ्याचं नाटक केलं, आणि त्यातला संशयी नवरा स्वतःच रंगवला. शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फी नावाच्या लेखकानं त्यावरून लंडनमध्ये इंग्रजी नाटक केलं. त्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी १८९३ साली मराठीत 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. त्यात गाणी नव्हती, ते गद्य नाटक होतं. पुढे वीसेक वर्षांनी त्यांनी त्यालाच पदं घातली आणि 'संशयकल्लोळ' तयार झालं. म्हणजे पॅरिसचा नवरा, लंडनचा नवरा आणि आपला फाल्गुनराव, तिघं सख्खे भाऊच. बायकोवर संशय घ्यायला समुद्र आडवा येत नाही.

अजून एक गोष्ट मला वाचताना फार लागली. याच देवलांनी १८९० साली 'झुंजारराव' नावाचं नाटक लिहिलं होतं. ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून. त्यातही संशयच आहे. तिथे तसबिरीऐवजी एक हातरुमाल आहे. पण तिथे नवरा बायकोचा जीव घेतो. त्या दोन नाटकांमध्ये तीनच वर्षं. एका रुमालानं बाई मेली, आणि एका तसबिरीनं लोक पोट धरून हसले. हसायचं नाटक लिहिणाऱ्या माणसाला रडायचं काय असतं ते माहीत होतं, असं मी धरते. गटातल्या सभासदाच्या घरी रात्री भांडण झालं असं कळलं की ते यातल्या कुठल्या नाटकाकडे चाललंय, हेच आपण घाबरून बघत असतो ना?

आता रेवतीकडे येऊ. कारण या नाटकात खरा प्रश्न तिचा आहे, आणि हसण्याच्या भरात तो निसटून जातो.

रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. नायकीण म्हणजे कलावंतीण, गाणं-नाचणं करून पोट भरणारी. त्या काळात अशा घरातल्या मुलीशी कुणी लग्न करत नसे. पैसेवाला माणूस तिला 'ठेवत' असे. आश्विनशेठ मात्र रेवतीशी रीतसर लग्न करायचं म्हणतो. आणि रेवतीलाही तेच हवं आहे, संसार हवा आहे, कुणाची ठेवलेली व्हायचं नाही. म्हणून तिच्यावर आलेला संशय कृत्तिकेवरच्या संशयापेक्षा महागात पडणारा आहे. कृत्तिका रागावून दार आपटू शकते, तिचं लग्न झालेलं आहे. रेवतीच्या बाबतीत मात्र 'शेवटी नायकिणीचीच पोर' एवढं एक वाक्य कुणी म्हटलं की सगळं संपलं.

देवलांनी तिला कलावंतिणीच्या घरची का केली? माझा अंदाज असा की घरंदाज कुटुंबातली मुलगी आपणहून एखाद्या तरुणावर प्रेम करते, त्याची तसबीर जवळ बाळगते, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना पटलंच नसतं. मुलींची लग्नं तर परकर-पोलक्यात होत होती. प्रेम करायला मोकळी अशी बाई दाखवायची, तर ती त्याच घरातली दाखवावी लागली. पण दाखवल्यावर देवलांनी तिची टिंगल केली नाही. तिला मानानं लग्नाच्या बोहल्यापर्यंत आणलं. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. देवाला मुली वाहण्याला त्यानं बंदी घातली आणि देवदासीनं केलेलं लग्न कायदेशीर ठरवलं. रेवतीचं लग्न रंगभूमीवर त्याच्या अठरा वर्षं आधी लागलेलं होतं.

आणि या रेवतीचं काम कोण करत होतं? एक पुरुष.

त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. जन्म १८८८ सालचा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, आणि १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. संशयकल्लोळ याच मंडळीनं केलं. रेवती बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. बोडसांचा फाल्गुनराव इतका गाजला, की पुढे ज्यानं ज्यानं ते काम केलं त्याला लोक त्यांच्याशीच ताडून बघायचे.

देवल १९१६ च्या जून महिन्यात गेले, आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आलं. जन्मभर दुसऱ्यांना तालमी देऊन घडवणाऱ्या त्या माणसाला आपल्या नाटकाचं पुढचं कौतुक काही बघायला मिळालं नाही.

बालगंधर्वांचं स्त्रीरूप असं होतं म्हणतात, की घरंदाज बायका ते बघून तशी साडी नेसायला लागल्या, तसा अंबाडा घालायला लागल्या, तसे दागिने घडवायला लागल्या. गंमत बघा, बाईनं बाईसारखं कसं दिसावं हे तिनं एका पुरुषाकडून शिकायचं! गाणं तर काय सांगावं, एकेका पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. जुन्या रेकॉर्डी आजही ऐकायला मिळतात, मोबाईलवर शोधा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुरुषाचा आवाज आहे हे विसरून गेले होते.

पण मनात एक खुपतंच. कलावंतिणींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं होतं. त्या बायका खरोखरच्या रेवती होत्या. त्यांच्यापैकी काहींनी फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या काढल्याही होत्या, त्यात पुरुषांची कामंसुद्धा बायका करत. पण मानाच्या, मोठ्या मंडळ्यांमध्ये त्यांना जागा नव्हती. रेवतीची गोष्ट सांगायची, रेवतीनं लग्न करावं म्हणून टाळ्या वाजवायच्या, पण खरी रेवती त्या पडद्याच्या आत यायला नको. सिनेमातही तेच. १९१३ साली फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तर तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला करावं लागलं, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी त्यांच्याच पुढच्या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, अशा दोन मायलेकी उभ्या राहिल्या. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं आणि स्वतःची नाटक मंडळीही काढली, बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या अशी. लोक काय म्हणतील हा प्रश्न या सगळ्याजणींना पडला असणारच. घराबाहेर बैठकीला पहिल्यांदा निघालेल्या आपल्यालाही पडला होता.

बालगंधर्वांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी मोठ्या कौतुकानं सांगतात. १९११ साली मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग रद्द केला नाही, त्या रात्री उभे राहिले, गायले. निष्ठा म्हणून ती मोठी आहेच, मी नाही म्हणत नाही. पण ती गोष्ट ऐकली की मला दर वेळी तिच्या आईची आठवण येते. ती त्या रात्री कुठे बसली होती, तिच्याजवळ कोण होतं, हे कौतुकात कुणी सांगत नाही.

नाटक मंडळी म्हणजे काय प्रकरण होतं, तेही आपण गटवाल्या बायांनी समजून घेण्यासारखं आहे. पन्नास-शंभर माणसांचं बिऱ्हाड. नट, वाजवणारे, कपडेवाले, पडदेवाले, आचारी, पोरंटोरं, सगळे एकत्र राहणार, एका पंगतीला जेवणार, गावोगाव फिरणार. तिकिटाची विक्री झाली तर पोळी, नाही तर उधारी. गंधर्व मंडळीचा थाट तर राजेशाही. रंगमंचावर खोटं काही चालायचं नाही, भरजरी शालू खरे, अत्तर खरं. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष, म्हणजे त्या काळातले देशातले नावाजलेले उस्ताद. प्रेक्षक खूश, पण खर्चाला धरबंद नाही. सुरुवातीच्या तीन भागीदारांपैकी टेंबे लवकरच बाहेर पडले, पुढे काही वर्षांनी बोडसही गेले. मंडळीवर लाखांच्या घरात कर्ज चढलं. तेव्हाचे लाख म्हणजे आताचे किती, तुम्हीच हिशेब करा. बालगंधर्वांनी लोकांकडून फुकट पैसे घेतले नाहीत, गाऊन गाऊन ते कर्ज फेडलं, हे खरं आहे. पण चौतीस-पस्तीसच्या सुमाराला मंडळी बंद झाली ती झालीच. तोवर बोलपट आले होते. १९३५ साली बालगंधर्व स्वतःच प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले, त्यात मिशीवाला पुरुष म्हणून बघताना लोकांनाच चुकल्यासारखं झालं. ते वारले १९६७ साली.

मी गटांचे हिशेब तपासते, म्हणून माझी नजर वहीवर जाते. गाणारा माणूस एकटा मोठा आणि वही बघणारं कुणी नाही, असं झालं की काय होतं ते त्या मंडळीचं झालं.

मंडळी गेली, पण संशयकल्लोळ गेलं नाही. ते अजून होतं. दहा-बारा वर्षांमागे प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांनी आश्विनशेठ केला होता, शहरातली नाट्यगृहं भरली होती. रात्रभराचं नाटक आता तीन तासांत बसवतात. रेवती अर्थातच आता बाई करते.

आता परत आमच्या सचिव ताईंकडे. त्या दिवशी बैठकीत मी कर्जाचा विषय बाजूला ठेवला आणि ही सगळी गोष्ट सांगितली, तसबिरीपासून. बाया हसून हसून लोळल्या. एक आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तर पोस्टमनवर संशय घेतला होता, तो बिचारा मनीऑर्डर घेऊन आला होता." मग एकेकीच्या गोष्टी निघाल्या. कुणाचा फोनवरचा राँग नंबर, कुणाचा गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा बँकेतल्या साहेबांचा गुड मॉर्निंग. एका बाईनं सांगितलं, की तीच नवऱ्याचा फोन रात्री चोरून बघते, आणि त्यावर सगळ्या गप्प झाल्या. कृत्तिकापण आमच्यातच बसलेली होती.

सचिव ताई मात्र हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी मला एवढंच विचारलं, "मग नाटकात फाल्गुनरावानं बायकोची माफी मागितली का?" मी म्हटलं, घोटाळा उलगडतो, सगळ्यांचा उजेड पडतो, आनंदीआनंद होतो आणि पडदा पडतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय झालं ते नाटकात नाही." मला उत्तर सुचलं नाही. वर्गात आमच्या सरांनाही हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही या नाटकातला तसबिरीचा प्रवेश करणार आहोत. पदं नाहीत, आमच्यात गाणारी कुणी नाही, नुसता प्रवेश. सगळी कामं बायाच करणार, फाल्गुनरावसुद्धा. भूमिका वाटताना मला वाटलं होतं, सचिव ताई कृत्तिका मागतील. त्यांनी फाल्गुनराव मागून घेतला. पागोटं त्यांच्या सासऱ्यांचं मिळालं आहे, मिशा जत्रेतून आणल्या आहेत. नवऱ्याला पुढच्या रांगेत बसवायचं असं त्यांचं म्हणणं आहे. तो येतो म्हणाला आहे.

सचिवपद त्यांनी अजून परत घेतलेलं नाही. वही सध्या माझ्याकडे आहे.